मोदेना : वेगाच्या गावातील एक हिशेब

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी बरीच क्षेत्रे पाहिली. श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी, सम्मेदशिखर या यात्रांविषयी लिहिणे सोपे असते, कारण वाचकांच्या मनात त्यांची मूर्ती आधीच असते. आज ज्या गावाविषयी लिहीत आहे ते तीर्थक्षेत्र नव्हे. परंतु जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे यात्रेकरूच्याच श्रद्धेने येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांतातले हे गाव म्हणजे मोदेना. अतिवेगवान आणि अतिमूल्यवान मोटारींचे हे माहेर.

तेथे जाण्याचे कारण घरगुती होते. माझे ज्येष्ठ बंधू अण्णा यांची सांगलीत हळदीची अडत पेढी आहे. त्यांचा धाकटा मुलगा यांत्रिकी अभियंता असून चौदा वर्षांपासून जर्मनीत म्युनिक येथे नोकरी करतो. शाळेत असताना त्याने अभ्यासाच्या खोलीत एका लाल मोटारीचे चित्र लावले होते. ते चित्र पुढे भिंतीवरून गेले, मनातून गेले नाही. चाळिशी गाठता गाठता त्याने कोणाकडेही हात न पसरता रक्कम साठवली आणि वडिलांना कळवले, की मी एक जुनी फेरारी घेऊ इच्छितो.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला पेढीवर बोलावून घेतले. म्हणाले, "पैसा त्याचा आहे, मी नको म्हणणार नाही. पण तू तिकडे जातोच आहेस, तर समक्ष बघून ये. तू आयुष्यभर लोकांचे तारण तपासलेस. तू हो म्हणालास तर माझे हो. आणि किमतीचे मला सांगू नकोस; ती उभी असताना काय खाते, तेवढे विचारून ये."

चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतील बहुतेक कर्ज विभागात. तरीही हा प्रश्न मला त्या क्षणी केवळ विनोदी वाटला. त्याचे खरे वजन पुढे कळले.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही काका-पुतणे म्युनिकहून निघालो. इन्सब्रुक मागे टाकून १,३७० मीटर उंचीवरील ब्रेनर घाट ओलांडला की इटली लागते आणि तेथून सुरू होणारा महामार्ग थेट मोदेनाच्या वेशीवर संपतो. आल्प्सची शिखरे मागे पडतात, द्राक्षमळे व सफरचंदांच्या बागा संपतात आणि पो नदीच्या खोऱ्यातील सपाट, काळसर, सुपीक भूमी पसरू लागते. आम्हां कृष्णाकाठच्या माणसांना ती परकी वाटत नाही. शेती, दूधदुभते आणि त्यावर उभा राहिलेला व्यापार हीच त्या प्रदेशाची जुनी संपत्ती आहे. मोटारींचे कारखाने नंतरचे.

मोदेना शहर आटोपशीर आहे. मध्यभागी १०९९ मध्ये बांधण्यास प्रारंभ झालेले कॅथेड्रल असून त्याला लागून गिरलांदीना नावाचा सुमारे ८६ मीटर उंचीचा शुभ्र मनोरा आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. स्थानकापासून जवळच, १८९८ मध्ये ज्या घरी एन्झो फेरारी जन्मले ते घर व त्यांच्या वडिलांचे लोखंडी कामाचे कारखानावजा दालन जतन केलेले आहे. शेजारी २०१२ पासून एक संग्रहालय उभे आहे. त्याचे पिवळे छत मोटारीच्या पुढील झाकणासारखे वळवलेले आहे. पिवळा हा मोदेना शहराचा रंग. फेरारीच्या बोधचिन्हातील उसळत्या काळ्या घोड्यामागेही तोच आहे. १९४३ मध्ये त्यांनी कारखाना दक्षिणेस मारानेल्लो या खेड्यात हलवला आणि १९४७ मध्ये त्यांच्या नावाची पहिली मोटार तेथून बाहेर पडली. एका लोहारकाम करणाऱ्याच्या मुलाने उभा केलेला हा व्यवसाय आहे, हे आपल्या व्यापारी घरांतील मुलांना आवर्जून सांगावे असे वाटते.

आता मोटारीविषयी. पुतण्याने निवडलेला प्रकार एफ ३५५ या नावाने ओळखला जातो. १९९४ ते १९९९ या काळात तो तयार होत असे. साडेतीन लिटरचे इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा, यावरून हा आकडा आला. आठ सिलिंडर, म्हणजे एकूण चाळीस झडपा. इंजिन पुढे नसून दोन आसनांच्या पाठीमागे बसवलेले असते. अशी जुनी मोटार सांगलीत आणण्याचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सामान्यतः आपल्या देशात आयात करता येत नाही. ती म्युनिकलाच राहणार होती.

शनिवारी दुपारी आम्ही शहराबाहेरील एका विक्रेत्याकडे गेलो. काचेच्या दालनात १९९८ सालची लाल गाडी उभी होती. पंचवीस वर्षे पावसात न भिजलेली वाटावी असे तिचे तेज होते. चाललेले अंतर केवळ एकवीस हजार किलोमीटर. पुतण्या तिच्याभोवती दोनदा फिरला आणि काही बोलला नाही. त्याचे डोळे मात्र पाणावले होते. किंमत चढी होती, परंतु त्याच्या साठवलेल्या रकमेत जेमतेम बसत होती.

मी माझ्या परीने विचार केला. वापर कमी म्हणजे झीज कमी, झीज कमी म्हणजे तारण उत्तम, आणि पुढे विकताना भावही चांगला. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर मी भ्रमणध्वनीवर अण्णांसाठी निरोप लिहिला : "गाडी उत्तम आहे. होकार देण्यास हरकत नाही." सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. अण्णा लवकर निजतात. निरोप सकाळी पाठवू, असे म्हणून तो तसाच ठेवला.

रविवारी सकाळी वेळ होता म्हणून यजमानीणबाईंच्या सांगण्यावरून जवळचे एक चीजगृह पाहायला गेलो. या प्रांतात पार्मिजानो रेज्जानो नावाचे चीज तयार होते. ते बनवताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, म्हणून आम्हाला ते वर्ज्यच होते; पण पाहण्यास हरकत नव्हती. सुमारे चाळीस किलोची एकेक गोल चाकी, फळ्यांवर ओळीने छतापर्यंत रचलेली. किमान बारा महिने ती मुरावी लागते, पुष्कळदा चोवीस. बारा महिन्यांनी तपासनीस येतो. त्याच्या हाती एक लहानशी हातोडी असते. तो चाकी फिरवत तिच्यावर सर्व बाजूंनी हलके ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. वरून दोन्ही चाक्या सारख्याच सोनेरी दिसतात.

बँकवाल्याला विशेष वाटावी अशी आणखी एक गोष्ट तेथे समजली. याच प्रांतातील क्रेदेम ही बँक १९५३ पासून या चाक्या तारण म्हणून स्वीकारते. उत्पादकाला माल मुरेपर्यंत खेळते भांडवल मिळते आणि चाक्या बँकेच्या गोदामात, बँकेच्याच देखरेखीखाली मुरत राहतात. मला हरिपूरची पेवे आठवली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि गोदामपावतीवर आमच्यासारखे अधिकारी कर्ज मंजूर करीत.

हळद आठवली आणि तिच्याबरोबर नको ती आठवणही आली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गोदामाची तपासणी माझ्याकडे होती. पोत्यांची थप्पी पाहिली, पुढच्या चार पोत्यांतील हळद हातावर घेतली, रंग पिवळाधमक होता. अहवालात मी 'माल उत्तम' असे लिहिले. माझ्या वरिष्ठांनी अहवाल वाचून एवढेच विचारले, की नळी कुठे लावलीस? पोत्यात खुपसून खोलवरचा नमुना काढण्याची ती लोखंडी नळी मी पिशवीतून बाहेरच काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर मागच्या रांगेतील पोती तपासली. हळकुंडे किडीने पोखरलेली होती. हातात घेताच भुकटी झाली.

त्या चीजगृहात हातोडीचा आवाज ऐकताना माझ्या ध्यानात आले, की आदल्या दिवशी मी पुन्हा पुढचीच चार पोती पाहिली होती. बाहेर येऊन पहिले काम केले ते अण्णांचा निरोप पुसून टाकण्याचे. पुतण्याला म्हणालो, "अरे, नळी लावल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." त्याला ही भाषा कळायला थोडा वेळ लागला.

सोमवारी विक्रेत्याच्या संमतीने ती लाल गाडी एका स्वतंत्र कारागिराकडे नेली. सत्तरीच्या आसपासचा हा गृहस्थ तरुणपणापासून याच मोटारींवर काम करीत आला होता. त्याला इटालियनखेरीज भाषा येत नव्हती. पुतण्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये दुभाष्या झाला. त्याने इंजिनाकडे पाहिलेच नाही. तो आधी गुडघ्यांवर बसला आणि टायरच्या कडेवरील चार आकडे वाचले : १४१०. म्हणजे २०१० सालचा चौदावा आठवडा. जगातील कोणत्याही टायरवर हा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. रबराला तेरा वर्षे झाली होती. मग त्याने कागद मागितले. शेवटच्या देखभालीचा शिक्का २०१२ चा होता. त्यानंतर एक पावती नाही.

त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा. या इंजिनात झडपांची उघडझाप ज्याच्यावर चालते तो पट्टा रबराचा आहे. तो अंतराने जितका झिजतो तितकाच वयानेही कमकुवत होतो. दर तीन ते पाच वर्षांनी तो बदलावा, असा जाणकारांचा दंडक आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. आता पट्टा बदलण्यासाठी हात शिरेल इतकीही जागा तेथे नाही. म्हणून गाडी उचलून इंजिन, गिअरपेटी व मागील सांगाडा असे सारे एकत्र खाली उतरवावे लागते. या एका कामाचा खर्च कित्येक हजार युरो होतो. पुढे १९९९ मध्ये आलेल्या ३६० मोदेना या प्रकारात आसनांमागील झाकण काढून पट्ट्यापर्यंत पोहोचण्याची सोय झाली आणि २००४ च्या एफ ४३० मध्ये पट्ट्याऐवजी धातूची साखळी आली. एफ ३५५ ला मात्र ही सुटका नाही.

नंतर त्याने प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती किती गळते हे मोजले. आठांपैकी दोन सिलिंडर सरस गळत होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते म्हणून साधारणतः दोन वर्षांनी बदलावे लागते. ते काळपट झाले होते. इंधनाच्या नळ्या कडक झाल्या होत्या. गाडी फारशी न चालल्यामुळे जपली गेली, हा माझा समज होता. वस्तुतः ती सोडून दिली गेली होती. नुसती उभी राहूनच ती आजारी पडली होती. अण्णांचा प्रश्न तेव्हा मला उमगला. तिला उभे असतानाही खायला लागत होते आणि अकरा वर्षे कोणी घातले नव्हते.

पुतण्याचा चेहरा उतरला. मी गप्प राहिलो. अशा वेळी हिशेब कामाला येतो, पण तो लगेच मांडू नये.

कारागिरानेच दुसरी गाडी सुचवली. शेजारच्या रेज्जो एमिलिया शहरातील एका निवृत्त औषधविक्रेत्याकडे १९९६ सालची गडद निळी एफ ३५५ होती. अडुसष्ट हजार किलोमीटर चाललेली. पुढच्या भागावर खड्यांचे बारीक टवके, चालकाच्या आसनाची कडा झिजलेली. किंमत लाल गाडीहून बरीच कमी. त्या गृहस्थांनी गाडीचे आच्छादन काढण्याआधी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. पहिल्या वर्षापासूनची प्रत्येक पावती तारखेनुसार लावलेली. पट्टे दर तीन-चार वर्षांनी बदललेले. या प्रकारात झडपांच्या मार्गदर्शक नळ्या लवकर झिजतात आणि धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांना तडे जातात, हे त्या वर्तुळात सर्वांना ठाऊक असते. ती दोन्ही कामे झाल्याची बिले फाइलमध्ये होती. मी ती फाइल तासभर वाचली. एखाद्या जुन्या, सचोटीच्या खातेदाराचा उतारा वाचावा तसे समाधान वाटले. हवेची तपासणीही केली; आठही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले.

गंमत म्हणजे त्यांनीच आमची उलटतपासणी घेतली. गाडी कोठे ठेवणार, हिवाळ्यात बॅटरीची काय व्यवस्था, महिन्यातून किती वेळा चालवणार? मुलगी देताना स्थळाची चौकशी करावी तशी. पुतण्याने सांगितले, की जर्मनीत ठरावीक महिन्यांपुरती नोंदणी करता येते. एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच कर व विमा भरून तो गाडी चालवील आणि हिवाळ्यात ती बंद गॅरेजमध्ये बॅटरी-भारकाला जोडून ठेवील. गृहस्थांनी मान डोलावली.

एक प्रश्न आमच्या घरचा होता. आसने चामड्याची होती. गाडी जुनी आहे, हे चामडे आजचे नव्हे, असा युक्तिवाद पुतण्याने केला. पण तो करताना त्याचा त्यालाच तो पुरा वाटेना. आसने बदलली तर गाडीचे मूळपण उणे होते, आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांना कंपनीचा जो विभाग अस्सलपणाचे प्रमाणपत्र देतो, तो नेमके हेच पाहतो. म्हणजे बाजारभावात घट. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाला, "काका, आसनांना कृत्रिम धाग्याचे कापड घालून घेईन. जी घट येईल ती माझी." मी त्यावर काही बोललो नाही. हा हिशेब त्याने स्वतः मांडला होता, आणि तो मला बरोबर वाटला.

त्या दिवशी मी अण्णांना फोन केला. किंमत सांगितली नाही. विमा, कर, गॅरेजचे भाडे, तेलपाणी, दर चार वर्षांनी येणारे इंजिन उतरवण्याचे काम चौघांत विभागून, सहा-सात वर्षांनी टायर, आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी वेगळी तरतूद : असे एका वर्षाचे 'खाणे' सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "मग आधी पाच वर्षांची वैरण बाजूला काढायला सांग. त्यातून उरेल तेवढ्यात जनावर बसत असेल तर आणू दे."

पुतण्याने तसेच केले. साठवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा मुदत ठेवीत टाकला आणि उरलेल्या दोन हिश्श्यांत निळी गाडी बसवली. लाल गाडीत त्याची सर्व पुंजी एका दिवसात गेली असती आणि पहिल्या दुरुस्तीसाठी कर्ज काढावे लागले असते. बँकेत असताना मी अशी कितीतरी खाती पाहिली. वस्तू घेतल्यामुळे माणसे सहसा बुडत नाहीत. ती सांभाळण्याची तरतूद न ठेवल्यामुळे बुडतात. यंत्रसामग्री, बंगला, लग्नसमारंभानंतर सुरू होणारा संसार, सर्वांना हे लागू आहे.

आपल्या समाजातील पुष्कळ मुले आज परदेशी आहेत आणि कोणाच्या तरी मनात अशीच एखादी लाल किंवा निळी हौस असणार. त्यांच्या वडीलधाऱ्यांना माझे इतकेच सांगणे आहे. नाही म्हणण्याची घाई करू नये आणि हो म्हणण्याचीही करू नये. स्वतंत्र कारागीर, टायरवरचे चार आकडे आणि पावत्यांची फाइल, ही तीन साधने हाती असली म्हणजे पुष्कळ काही कळते.

२०२४ च्या वसंतात निळ्या गाडीचे इंजिन उतरवण्याची पाळी आली. पुतण्याने छायाचित्र पाठवले : चौकटीवर ठेवलेले इंजिन, आणि वर उचललेली, पाठीमागे रिकामी झालेली गाडी. सोबत बिलाची प्रत. रक्कम ठेवीतून गेली; पगाराला हात लागला नाही. पुढे २०२६ मध्ये गाडीस तीस वर्षे पूर्ण होतील आणि जर्मनीत ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळण्यास ती पात्र ठरेल, याचा त्याला कोण आनंद!

अण्णा त्या गाडीत अद्याप बसलेले नाहीत आणि बसतील असे वाटत नाही. पण गेल्या दिवाळीत पेढीवर वहीपूजन आटोपल्यावर त्यांनी कपाटातून एक पातळ फाइल काढून मला दाखवली. आत त्या बिलाची छापील प्रत होती. जर्मन भाषेतील एक अक्षर त्यांना वाचता येत नाही. तरी तारीख, आकडा आणि भरणा झाल्याची खूण त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती, आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : "निळीची वैरण, वर्ष पहिले."